निळा दिवा लावू द्या, पण लगेच नको

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही बरीच वर्षं मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, घरी राहून कम्युनिटी कॉलेज करतो. गेल्या वर्षी तो गावच्या व्हॉलंटियर फायर कंपनीत, म्हणजे बिनपगारी अग्निशमन दलात, भरती झाला. फायरफायटर वनचं, म्हणजे आग विझवण्याचं पायाभूत ट्रेनिंग जिद्दीने पूर्ण केलं. आता त्याला गाडीवर निळे दिवे लावायचे आहेत. गाडी माझ्या नावावर आहे आणि आम्ही सगळेच ती वापरतो. त्याने ऑनलाइन यादीसुद्धा करून ठेवली आहे: डॅशबोर्डवर एक, पुढच्या ग्रिलमध्ये दोन, मागच्या काचेत एक. म्हणतो, "बाबा, बाकी सगळ्यांच्या गाड्यांवर आहेत. दिवा नाही म्हणून मी पोचेपर्यंत बंब निघून जातो."

रात्री त्याचा पेजर वाजला की बायकोची झोप उडते. हे सगळंच सोडून दे, असं ती त्याला सांगत असते. तिकडे साताऱ्याला माझे वडील सगळ्यांना सांगत सुटलेत, की नातवाला दिव्याची गाडी मिळणार. मला मात्र काहीच कळेनासं झालंय. असा दिवा लावणं कायदेशीर आहे का? लावला की त्याला सिग्नल तोडायची मुभा मिळते का? काही झालं तर जबाबदारी कोणाची? आणि मी हो म्हणू की नाही?

एक बाबा, न्यू जर्सी

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्याच्यावरच अवलंबून आहे. मुलाला फायर कंपनीत राहू द्या. दिव्यालाही हो म्हणा, पण आत्ता नाही, आणि यादीतल्या चारही दिव्यांना तर नाहीच. एक दिवा पुरे. डॅशबोर्डवरचा, काढता-घालता येणारा. तोही मुलगा कंपनीत आणखी वर्षभर रुळल्यावर आणि कंपनीच्या प्रमुखांनी, म्हणजे चीफनी, परवानगी दिल्यावर. माझा नवरा पेनसिल्व्हेनियात आमच्या गावच्या दलात बऱ्याच वर्षांपासून व्हॉलंटियर आहे. पेजर वाजल्यावर घर कसं जागं होतं आणि माणूस कोणत्या मनःस्थितीत गाडीत बसतो, हे मी जवळून बघत आलेय. म्हणूनच एवढ्या ठामपणे लिहिते आहे.

आधी कायद्याचं. दिवा कायदेशीर आहे. न्यू जर्सीच्या मोटार वाहन कायद्यात, म्हणजे टायटल 39 मध्ये, 39:3-54.7 पासून पुढची काही कलमं फक्त याच विषयावर आहेत. व्हॉलंटियर फायर कंपनीच्या किंवा प्रथमोपचार पथकाच्या क्रियाशील सदस्याला स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावता येतो. त्याचं बटण गाडीच्या आत हवं, आणि सदस्याजवळ नगराच्या मेयरच्या किंवा मुख्य अधिकाऱ्याच्या सहीचं ओळखपत्र हवं. दिवा फक्त आगीच्या किंवा आणीबाणीच्या कॉलला जाताना सुरू करायचा. कॉलवरून घरी परतताना, ड्रिलला म्हणजे सरावाला जाताना, मित्रांना दाखवायला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून तो लावायचा नाही. दिवे कुठे बसवायचे याचेही नियम आहेत. मुलाची यादी त्यात बसते की नाही ते दुकानदाराला विचारू नका. यादी घेऊन चीफकडे जायला सांगा, आणि त्यांनी पाहिल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका. ऑनलाइन दुकानं मागेल त्याला मागेल ते विकतात, तुमच्या राज्याचा कायदा बघत नाहीत.

लाल दिवा आणि सायरन हे चीफ आणि त्यांच्या खालच्या वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी आहेत, तेही वेगळ्या परवानगीने. साध्या सदस्याला सायरन नाही. त्याचं मागून येणं कोणाला ऐकू येत नाही, हे ध्यानात असू द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सिग्नल तोडायच्या मुभेचा. अशी मुभा अजिबात नाही. कलम 39:3-54.12 मुलाला स्वतः वाचायला लावा, आणि नुसतं वाचून सोडू देऊ नका, त्याच्या तोंडून ऐका. त्या कलमात दोन गोष्टी आहेत. एक, निळा दिवा लावून जाणाऱ्या सदस्याला इतर चालकांहून वेगळी कोणतीही सवलत मिळत नाही. राज्याचे वाहतुकीचे सगळे नियम त्याला पाळायचे आहेत, सिग्नलसुद्धा. वेगमर्यादा तीच, स्टॉप साइनला चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत, स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर पंचवीस फूट मागे उभं राहायचं. दुसरी गोष्ट अशी, की बाकीच्या चालकांनी मात्र त्याला वाट द्यायची आहे, बंबाला किंवा ॲम्ब्युलन्सला देतात तशीच.

एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याचा विचार करा. तो दिवा लावतो. पुढची गाडी बाजूला होते, तिच्या पुढचीही होते. रस्ता मोकळा होत जातो आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. चार-पाच कॉलनंतर लोक बाजूला होणारच, असं तो धरून चालतो. मग एखादे दिवशी चौकात एक गाडी थांबत नाही. काचा बंद आहेत, आत गाणी चालू आहेत, उन्हात निळा दिवा नीट दिसलेला नाही, आणि त्या चालकाला हिरवा सिग्नल आहे. या अपघातात कायदा तुमच्या मुलाच्या बाजूने उभा राहणार नाही. कायद्याचं मी शेवटी धरते. त्याआधी दोन माणसं जखमी झालेली असतात, आणि ज्या घरातून फोन आला होता तिथे त्याची मदत पोचलेली नसते.

न्यू यॉर्कमध्येही व्हॉलंटियर फायरफायटरचा दिवा निळाच असतो, आणि तिथेही तो दिवा म्हणजे वाट देण्याची विनंती, त्याहून जास्त काही नाही. त्याने गाडीला बंबाचा दर्जा मिळत नाही. तुमच्या मुलाला कोणी "लाइट लावली की चालतं" असं सांगितलं असेल, तर त्याने चुकीचं सांगितलं आहे.

मुलाचं म्हणणं असं की दिव्यामुळे वेळ वाचतो. त्याच्याबरोबर बसून हा हिशेब कागदावर करा. समजा स्टेशन तीन मैलांवर आहे. ताशी चाळीस मैलांच्या वेगाने तिथे पोचायला साडेचार मिनिटं लागतात. पन्नासने गेलं तर तीन मिनिटं छत्तीस सेकंद. मध्ये एकही सिग्नल, वळण किंवा गाडी नाही असं धरलं तरी वाचले चोपन्न सेकंद. प्रत्यक्षात गावातल्या रस्त्यावर त्याच्या निम्मेही वाचत नाहीत, कारण पुढच्या सिग्नलला थांबावं लागतंच. आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. चाळीसचे पन्नास केले तर ते अंतर दीडपटीहून जास्त होतं. तुमचा मुलगा फिजिक्स शिकलेला असणार, हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. फक्त रात्री दोन वाजता बूट चढवताना ते आठवावं लागतं.

मिनिट वाचवायचं असेल तर ते घरातून निघायच्या आधी वाचतं. किल्ली रोज एकाच खुंटीला, पँट आणि बूट पलंगाच्या पायथ्याशी, गाडी तोंड रस्त्याकडे करून लावलेली, टाकीत पेट्रोल, हिवाळ्यात काच आधीच खरवडून ठेवलेली. आमच्याकडे ही शिस्त आहे. त्यात कोणाचाही जीव धोक्यात न घालता जेवढा वेळ वाचतो, तेवढा ॲक्सिलरेटर दाबून वाचत नाही.

यातला धोका किती खरा आहे तेही सांगते, म्हणजे मी उगाच घाबरवते आहे असं वाटायला नको. अमेरिकेत कामावर असताना मरण पावणाऱ्या फायरफायटरांमध्ये वर्षानुवर्षं पहिलं कारण हृदयविकाराचं आहे. त्याच्या खालोखाल वाहन अपघातांचा नंबर लागत आलाय. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 1990 ते 2000 या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा अपघातांतले सर्वांत जास्त मृत्यू सदस्यांच्या खासगी गाड्यांत झालेले आढळले, बंबात नव्हेत. पाण्याचे टँकर त्यानंतर. घरून स्टेशनकडे किंवा थेट आगीकडे निघालेली माणसं होती ही. त्यांना आगीची धग लागलीच नव्हती. मुलाने ट्रेनिंगमध्ये शिडी चढायला, धुरात गुडघ्यांवर रांगायला, होज धरायला शिकून घेतलंय. त्यासाठी त्याच्या अंगावर हेल्मेट असतं, जाड कोट असतो, पाठीवर हवेचा सिलिंडर असतो आणि शेजारी जोडीदार असतो. तुमच्या गाडीत मात्र तो एकटा आहे, अर्धवट झोपेत आहे, आणि छातीत धडधड चालू आहे. त्या दहा मिनिटांसाठी त्याच्याकडे फक्त सीट बेल्ट आणि स्वतःचं डोकं आहे.

दिवा प्रत्यक्षात काय करतो हेही बघायला हवं. काही माणसं मागे निळं काही चमकलं की घाबरून जागच्या जागी ब्रेक दाबतात. काही डावीकडे वळायच्या तयारीत असतात आणि नेमकं त्याच क्षणी वळतात, ज्या क्षणी हा त्यांना डावीकडून ओलांडायला निघालेला असतो. म्हणून दिवा लावला तरी ओव्हरटेक करायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. पुढचा बाजूला झाला तर पुढे जायचं, नाही झाला तर त्याच्या मागे शांतपणे चालवायची. रात्री आणखी एक गोष्ट होते. डॅशबोर्डवरच्या दिव्याला मागून झाकण नसेल तर त्याचा उजेड काचेवर आपटून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. पाऊस असेल तर समोरचा रस्ता निळ्या ठिपक्यांनी भरून जातो आणि झेब्रा क्रॉसिंगवरचं माणूस दिसत नाही. दिवा घ्याल तेव्हा त्याला मागच्या बाजूने काळं आवरण आहे ना, ते नक्की बघा. दुकानात उजेडात बघू नका. अंधारात, इंजिन चालू करून, ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा.

"पोचेपर्यंत बंब निघून जातो" या त्याच्या तक्रारीला मी कमी लेखत नाही. वर्षभर घाम गाळून शिकायचं, आणि टोन, म्हणजे पेजरची सूचना, वाजल्यावर धावत जाऊन रिकाम्या बे समोर, म्हणजे बंब उभा करायच्या जागेसमोर, उभं राहायचं, हे कोणत्याही तरुण मुलाला जिव्हारी लागेल. त्यात खोट काही नाही, त्याला काम करायचंय. पण यावर खरा उपाय वेगळा आहे. बऱ्याच कंपन्यांत ड्यूटी क्रू असतो. ठरलेल्या रात्री काही सदस्य स्टेशनवरच झोपतात किंवा संध्याकाळभर तिथे थांबतात. त्याने आठवड्यातल्या एका-दोन रात्री मागून घ्याव्यात. कॉलेजचा अभ्यास तिथे बसून होतो, आणि टोन वाजले की बंबात त्याची जागा पक्की असते. कंपनीत अशी पद्धत नसेल तर पहिला बंब निघून गेल्यावर स्टेशनवर थांबणाऱ्यांची गरज असतेच. दुसरी गाडी तयार ठेवायची असते, रेडिओवर कोणीतरी हवं असतं, बाजूच्या गावातून मदतीची हाक येऊ शकते. चार जण गेल्यावर पाचव्याने स्टेशन सांभाळणं हेही आगीशीच जोडलेलं काम आहे. जुने सदस्य हे जाणतात, आणि उशिरा आलेला मुलगा तोंड पाडून घरी जातो की झाडू उचलून बे साफ करतो, हे बरोबर बघून ठेवतात.

वर्षभर थांबा असं मी म्हणते, ते एवढ्यासाठीच. या वर्षात त्याला बंबात मागे बसून जाणत्या ड्रायव्हरला चालवताना बघायला मिळेल. खरा बंब, ज्याला लाल दिवे, सायरन आणि कायद्याचा दर्जा सगळं आहे, तोसुद्धा लाल सिग्नलला आधी थांबतो, प्रत्येक लेनमधला चालक थांबलाय ना ते बघतो आणि मगच पुढे सरकतो. चांगले ड्रायव्हर असेच चालवतात. हे पन्नास वेळा बघितलेल्या मुलाला दिवा दिला, तर तो दिवा डोक्यात जात नाही. कंपनीत आणीबाणीतल्या वाहनचालनाचा कोर्स होत असेल तर दिव्याआधी तो पूर्ण करायला लावा. अनेक कंपन्या नव्या सदस्याला सुरुवातीच्या परीक्षा-काळात दिव्याची परवानगी देतच नाहीत. चीफना विचारा. तसा नियम तुमच्याकडे असेल तर तुमचं अर्धं काम आपोआप झालं. विचारताना एक पथ्य पाळा. मुलगा सज्ञान आहे, त्याला न सांगता मागच्या दाराने चीफकडे जाऊ नका. त्यालाच म्हणा, "ओपन हाउसला किंवा ड्रिलच्या रात्री आम्ही दोघं येतो, चीफशी ओळख करून दे."

त्या वर्षात तुम्ही काय करायचं? तो एरवी गाडी चालवत असताना अधूनमधून शेजारी बसा. किराणा आणायला जाताना, देवळात जाताना. उपदेश न करता नुसतं बघा. स्टॉप साइनला चाकं पूर्ण थांबतात का? फोन खिशात असतो की मांडीवर? पिवळ्या सिग्नलला पाय कुठे जातो? घाई नसताना जो नीट थांबतो, तो घाईत थांबण्याची शक्यता तरी असते.

आता गाडी आणि दिवा. ग्रिलमधल्या आणि मागच्या काचेतल्या दिव्यांना सरळ नाही म्हणा, आणि कारणही सांगा. गाडी घरातले सगळे वापरतात. उद्या तुमची बायको भाजी आणायला ती घेऊन गेली, तर ती फायर कंपनीची सदस्य नाही आणि गाडीवर मात्र निळे दिवे बसवलेले आहेत. शिवाय प्रत्येक राज्याचे रंग वेगळे. पेनसिल्व्हेनियात आणि न्यू यॉर्कमध्ये व्हॉलंटियर फायरफायटरचा दिवा निळाच आहे. पण व्हर्जिनियात आणि फ्लोरिडात निळा रंग पोलिसांचा, तिथे व्हॉलंटियर लाल दिवा लावतात. मॅसॅच्युसेट्समध्येही फायरचा दिवा लाल. सुट्टीत तुम्ही सगळे फ्लोरिडाला गाडीने निघालात आणि वाटेत व्हर्जिनियात पोलिसाने थांबवलं, तर ग्रिलमधल्या निळ्या दिव्यांची समजूत घालत हायवेच्या कडेला उभं राहावं लागेल. डॅशबोर्डवरचा दिवा निघतो, कपाटात ठेवता येतो. राज्याबाहेर जाताना तो घरीच राहील, हे आत्ताच ठरवून टाका.

गाडी तुमच्या नावावर, विमा तुमच्या नावावर. त्यामुळे दिवा बसवण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा. मुलगा व्हॉलंटियर फायरफायटर आहे, कॉलला जाताना ही गाडी वापरतो आणि वर निळा दिवा असेल, असं स्पष्ट लिहा, आणि उत्तर लेखीच मागा. फोनवरच्या "हो हो, चालेल"ला अर्थ नाही. मुलाला स्वतःला इजा झाली तर न्यू जर्सीत व्हॉलंटियर फायरफायटरला नगराचं वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर झालेल्या इजेची भरपाई, लागू होतं. त्याचे कागद कसे भरायचे, घरून निघाल्यापासूनचा प्रवास त्यात कसा धरतात आणि सदस्याच्या गाडीच्या नुकसानीसाठी काही वेगळी तरतूद आहे का, हे कंपनीच्या सचिवाकडून समजून घ्या. दुसऱ्याला इजा झाली आणि चूक तुमच्या मुलाची असेल, तर दिवा ढाल होणार नाही. मी वकील नाही. तुमच्या विम्याची रक्कम पुरेशी आहे का, हे मात्र वकिलाशिवायही तुम्ही आज संध्याकाळी कागद काढून बघू शकता.

दिवा मिळाल्यावर घटनास्थळी पोचला की काय करायचं, हे त्याला कंपनी शिकवेलच. तरी तुमच्या कानावर असू द्या. पोचल्याबरोबर दिवा बंद. गाडी बंबाच्या वाटेत नाही, हायड्रंटसमोर नाही, शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी नाही. थोडी लांब लावायची आणि चालत जायचं. आधीच दिव्यांनी भरलेल्या रस्त्यावर आणखी एक लुकलुकणारा दिवा म्हणजे येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांना त्रास.

आता तुमच्या बायकोबद्दल. त्यांना सांगा की रात्री पेजर वाजल्यावर दार लागल्याचा आवाज आला की माझीही झोप जाते, अजूनही. ही भीती पुसून टाकता येत नाही. पण मुलाला "सोड" म्हणू नका. या देशातले जवळपास दोन तृतीयांश फायरफायटर व्हॉलंटियर आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून युनियन फायर कंपनी उभी केली, तेव्हापासून छोट्या गावांचं आगीपासूनचं संरक्षण अशाच माणसांच्या हातात आहे. तुमच्या गल्लीत रात्री धूर निघाला तर येणारा माणूस कुठल्यातरी औषधाच्या दुकानात नोकरी करणारा किंवा तुमच्या मुलासारखा कॉलेजात जाणारा असतो. आपल्या समाजातली मुलं या दलांत अजून फार कमी दिसतात. तुमच्या मुलाने आपण होऊन ही वाट धरली, याचं मला फार कौतुक वाटतं, आणि हे त्याला घरातून ऐकायला मिळायला हवं. बायकोची भीती दोन गोष्टींनी थोडी हलकी होईल. एक म्हणजे स्टेशनवर एकदा जाऊन येणं. तिथली माणसं बघितली, त्यांची नावं कळली, की रात्रीच्या अंधारात मुलगा अनोळखी लोकांत गेलाय असं वाटत नाही. दुसरं, त्याने स्टेशनवर पोचल्यावर एका शब्दाचा मेसेज करायचा. गाडी चालवताना नाही, पोचल्यावर. आमच्याकडे नवरा नुसतं "आलो" लिहितो आणि मी कूस बदलते.

हे वाचणाऱ्या न्यू जर्सीतल्या बाकीच्यांसाठीही एक गोष्ट. आरशात मागे एखाद्या साध्या गाडीवर फक्त निळा दिवा लुकलुकताना दिसला, तर एकदम ब्रेक दाबू नका. उजवीकडे सिग्नल द्या, सावकाश बाजूला घ्या आणि तिला जाऊ द्या. ती पोलिसांची गाडी नसेल, तुमच्या गावचा व्हॉलंटियर असेल. त्याला तुम्हाला थांबवण्याचा किंवा कागद मागण्याचा अधिकार नाही. फक्त निळा दिवा लावलेली खासगी गाडी तुम्हाला थांबवू पाहत असेल तर थांबू नका, उजेड आणि माणसं असलेल्या ठिकाणी जाऊन 911 लावा.

राहिले साताऱ्याचे आजोबा. त्यांच्या मनातली दिव्याची गाडी कोणती, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांची, मंत्र्यांची, रस्ता रिकामा करत जाणारी. ती पद्धत भारतातही सरकारने 1 मे 2017 पासून बंद केली, मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले आणि ॲम्ब्युलन्स, बंब, पोलिस अशा गाड्यांपुरते राहिले. हे त्यांना प्रेमाने सांगा. त्यांचा अभिमान मोडू नका, त्याला योग्य जागा दाखवा. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले, आणि म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आजोबांच्या पिढीला या स्फोटाच्या गोष्टी घराघरांतून ऐकू आलेल्या असतात. नातू त्या माणसांच्या कामात शिरलाय, तोही पगाराशिवाय, हे त्यांना कळू द्या. फोटो पाठवायचा असेल तर गाडीवरच्या दिव्याचा नको, ड्रिलच्या रात्री बंबासमोर उभं राहून हेल्मेट हातात धरलेला पाठवा. तो त्यांनी गावभर दाखवला तरी चालेल.